शारजाचे शॉकॲब्सॉर्बर

गेल्या वर्षी आधी आईची कंबर गेली आणि मग आमच्या गाडीचे शॉकॲब्सॉर्बर गेले. कंबरेवर फारसा इलाज नाही, असं डॉक्टर म्हणाले. गाडीवर आहे, असं मी म्हणालो आणि तिथेच सगळं चुकलं.

गाडी सोळा वर्षांची. परदेशी कंपनीची. त्या कंपनीने मधेच भारतातला गाशा गुंडाळला आणि जाताना आम्हाला काही विचारलं नाही. शॉकॲब्सॉर्बर म्हणजे (ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांच्यासाठी सांगतो) खड्ड्याचा दणका माणसापर्यंत पोचू नये म्हणून चाकांपाशी, स्प्रिंगांबरोबर बसवलेली नळकांडी. आमची नळकांडी दणका जसाच्या तसा घरपोच करायची! पार्ल्यातला साधा स्पीडब्रेकर ओलांडला तरी मागच्या सीटवरून "आई गं!" असा आवाज यायचा. आईच्या आईला जाऊन तीस वर्षं झाली होती, पण आमच्या गाडीमुळे तिची रोज आठवण निघायची.

त्यात मुलुंडच्या ताईमावशीचं सहस्रचंद्रदर्शन दीड महिन्यावर आलं. ताईमावशी म्हणजे आईची थोरली बहीण. दोघींची वर्षभर भेट नव्हती. एकीला कंबर, दुसरीला गुडघे. फोनवर रोज अर्धा तास बोलायच्या, पण फोनवर ओवाळता येत नाही ना.

"ताईला पहिलं मी ओवाळणार," आईने जाहीर केलं. "माझ्याआधी कुणी ताट उचललं तर बघा."

डॉक्टर म्हणाले, "न्या की! फक्त दणका बसता कामा नये."

पार्ल्याहून मुलुंडला जायचं आणि दणका बसता कामा नये! डॉक्टर बहुतेक दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच राहत असावेत.

"आपण टॅक्सी करू ना," सुजाता, म्हणजे माझी बायको, म्हणाली. "मोठी बघून."

"घरात गाडी असताना?"

"कुठे आहे गाडी?" तिने खिडकीतून खाली बघत विचारलं. मी किल्ली उचलली. गाडी घेऊन सरळ अंधेरीला, एमआयडीसीतल्या अन्वरभाईंच्या गॅरेजात गेलो.

अन्वरभाई गाडीखाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. आले तेव्हा त्यांचा चेहरा नातेवाइकांना बाहेर बोलावणाऱ्या सर्जनसारखा झाला होता.

"साब, चारों गये. इधर नहीं मिलेगा."

"मग कुठे मिळेल?"

"दुबई, शारजा. उधर ये गाडी अब्भी भी चलती है." त्यांनी एका चिठ्ठीवर लांबलचक नंबर लिहून दिला. "येईच नंबर मंगाना. दुसरा कुछ नहीं. समझा?"

समजलं होतं. शारजात माझा चुलतभाऊ नीलेश असतो. मी चिठ्ठीचा फोटो काढून त्याला पाठवला. इथे थांबायला हवं होतं. पण आमच्या घराण्यात कुणी नुसती वस्तू मागत नाही. चप्पल घ्या, छत्री घ्या, कुकर घ्या, "जरा दणकट बघून द्या हो" म्हटल्याशिवाय खरेदी झाल्यासारखी वाटत नाही. (जावईसुद्धा दणकट बघूनच केलेत, आणि एकही नीट निघालेला नाही.) बोटांना तीच सवय. फोटोखाली मी लिहिलं, 'यातच जरा चांगल्यातले, दणकट मिळाले तर ते घे.'

दोन दिवसांनी नीलेशचा फोन. "दादा, काम झालं! तो नंबरवाला माल एकदम साधा होता रे. मी दणकट घेतले, स्प्रिंगांसकट. वाळवंटात सामान भरून गाड्या नेतात ना, त्यांच्यासाठी बनवतात. झकास! दगडावर आपटलेस तरी काही होणार नाही."

"आपल्या गाडीला बसतील ना?"

"बसतील म्हणाला दुकानदार."

मला कोण आनंद झाला! तो आनंद आता आठवला की स्वतःची दया येते.

माल शारजात, गाडी पार्ल्यात. कुरिअर करावं असं आमच्यात कुणाच्या मनातही येत नाही. कुणीतरी येणारं असतंच. नीलेशच्या शेजाऱ्याचे सासरे, बोरिवलीचे पेडणेकर आजोबा, लेकीकडे राहून परत येत होते. त्यांच्या दोन बॅगांतून त्यांचे कपडे काढून शेजाऱ्याने कपाटात ठेवले आणि आत आमचे शॉकॲब्सॉर्बर भरले. वर शोभेला खजूर.

दुपारच्या विमानाने आजोबा उतरले. मी बाहेर उभा. तासाभराने त्यांचा फोन आला. "अहो, मला आत बसवलाय. यंत्रात काहीतरी लांब लांब दिसता म्हणे."

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"खरा ता सांगितलंय. म्हटलं, आत काय आसा ता मला माहीत नाय. एका झिलान दिल्यान. झील चांगलो होतो."

आत काय आहे माहीत नाही, एका पोराने दिलं; विमानतळावर यापेक्षा वाईट उत्तर देता येत नाही. मी म्हटलं, फोन साहेबांना द्या. साहेब नव्हते, मॅडम होत्या. आवाजावरून सकाळपासून उभ्या असाव्यात.

"हे गृहस्थ तुमचे कोण?"

"चुलतभावाच्या शेजाऱ्याचे सासरे."

पलीकडे कागदावर काहीतरी लिहून खोडल्याचा आवाज आला. मग, "गाडीचे पार्ट इथे मिळत नाहीत का?"

"नाही मॅडम. कंपनी गेली. आणि आईची कंबर..."

"कंबर?"

मी कंबरेपासून सुरुवात केली. डॉक्टर, ताईमावशी, ओवाळणी, अन्वरभाई, सगळं सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर मला थांबताच येईना. मुलुंडपर्यंत पोचलो तेव्हा मॅडम दमून म्हणाल्या, "माझ्याही आईची कंबर गेलीय. पुरे आता. ड्युटी भरायला सांगते यांना, आणि घेऊन जा." मी फोनलाच नमस्कार केला. नंतर पेडणेकर आजोबांना बोरिवलीला घरी सोडलं, आमच्याच गाडीतून. उतरताना ते कंबर धरून म्हणाले, "लवकर बसवा हो ते."

अन्वरभाईंनी बॅग उघडली आणि माझ्याकडे बघितलं.

"ये वो नंबर नहीं है."

"हे जास्त दणकट आहेत," मी म्हणालो.

दोन दिवस ठोकाठोकी करून त्यांनी ते बसवले. गाडी जॅकवरून खाली उतरवली, पण ती खाली आलीच नाही! वीतभर वरच राहिली. घरी आणली तर आई बघायला खाली आली. दारापाशी उभी राहिली, गुडघा उचलून बघितला आणि म्हणाली, "शिडी कुठाय?"

उंचीचं एक वेळ ठीक. पण चालवली तर त्यापेक्षा जुने बरे होते. रस्त्यावर कुणी शेंगा खाऊन टरफलं टाकली असती, तरी मला ती मोजता आली असती. परत अन्वरभाई.

"साब, ये लोडवाला है. गाडी भरेली हो तो मक्खन. खाली हो तो बैलगाडी."

"मग जुनेच लावा परत."

"वो तो भंगार में गये ना."

सोहळा चार दिवसांवर. सुजाता म्हणाली, "आता तरी टॅक्सी?"

"आता तर नाहीच!" मी ओरडलो. माणूस इतकं करून बसल्यावर शहाणपणा त्याला परवडत नाही.

गाडी भरेली हवी ना? भरू! आमच्या सोसायटीच्या गच्चीवर फरश्या बसवून उरलेली खोकी होती. सोहळ्याच्या दिवशी, रविवारी सकाळी त्यातली सहा डिकीत घातली. मागचा भाग बसला, पण पुरेसा नाही. मग सुजाताच्या भावाला, संजूला, बोलावलं. संजू नाश्त्याआधी शंभर किलो असतो. त्याच्या जोडीला तळमजल्यावरचे कर्वेकाका, तेही भरल्या अंगाचे. दोघांना मुलुंडचं जेवण कबूल केलं. संजू मागे, कर्वेकाका पुढे, मी स्टिअरिंगवर. पार्ल्यात एक फेरी मारली आणि काय सांगू! गाडी लोण्यावरून चालली! खड्डा आला आणि गेला, कर्वेकाकांचा डोळासुद्धा उघडला नाही. उंचीही बरोबर झाली. माझे डोळे भरून आले. दीड महिन्यात पहिल्यांदा मी कुणाकडे तरी विजयी मुद्रेने बघितलं, आणि ती सुजाता होती.

आई पैठणी नेसून, ओवाळणीचं ताट फडक्यात बांधून खाली आली.

"मी कुठे बसू?"

कर्वेकाका उतरून बाजूला उभे राहिले. गाडीचं नाक वर उचललं गेलं. पुढे आई बसणार, आणि आई चाळीस किलोची. ती बसली तरी शारजाच्या स्प्रिंगांना पत्ता लागला नसता. कर्वेकाका परत पुढे. आईला मागे संजूशेजारी घालून बघितलं. संजूशेजारी जागा नसते, हे तेव्हा लक्षात आलं.

"काढ त्याला," आई आतून म्हणाली. "माझा पदर त्याच्याखाली गेलाय."

संजूला काढलं की बैलगाडी. ठेवला की आई नाही. मी गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. दीड महिना जिच्यासाठी देशाबाहेरून माल आणला, तिच्यासाठीच त्या गाडीत जागा नव्हती. सुजाता पुढे आली. तिने फोन काढला आणि सहा मिनिटांत टॅक्सी आली. मोठी.

"तू दमलायस रे," आई माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली. "सावकाश ये." आणि दोघी गेल्या.

मी रागाने सगळं उतरवणार होतो. पण संजू आणि कर्वेकाका उतरायलाच तयार नाहीत. जेवण कबूल केलं होतं ना! तसेच निघालो. पवईच्या पुलावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती तेव्हा सुजाताचा फोन आला.

"ओवाळलं आईंनी. सगळ्यांत पहिलं. दोघी गळ्यात गळा घालून रडतायत. आणि ऐक, रस्ताभर एकदाही कळ आली नाही त्यांना."

मला फार बरं वाटलं. अगदी मनापासून. मग आठवलं, की यात माझा हात कुठेच नाही.

मावशीच्या सोसायटीच्या दाराशी वॉचमनने हात आडवा केला. जडावलेली डिकी बघितली, आतले आम्ही तिघं बघितले.

"पीछे क्या है?"

"फरश्या," मी म्हणालो. खोटं कशाला बोला?

"सामान की गाडी पीछे के गेट से."

"अरे, मी पाहुणा आहे! मावशीचा कार्यक्रम..."

"सब येईच बोलते है." त्याने रजिस्टर काढलं. कामाच्या रकान्यात लिहिलं, 'टाइल फिटिंग', आणि माणसांच्या रकान्यात, 'लेबर तीन'. मी घामाने निथळत होतो, सही केली. रजिस्टर मिटून त्याने बोट उगारलं. "आज संडे है. ठोकाठोकी एकदम बंद."

"आज काही ठोकणार नाही," मी वचन दिलं, आणि दोन लेबर घेऊन मागच्या गेटने सोहळ्याला गेलो.