साच्यांजवळच्या गप्पा

गेल्या महिन्यात दादरच्या वाचनालयातून मी तीन कादंबऱ्या आणल्या. रहस्यकथेतला खुनी मला निम्म्यातच कळला. ऐतिहासिक कादंबरीत लढायांपेक्षा भाषणंच जास्त होती. गिरणी कामगारांवरची तिसरी मात्र फार आवडली, म्हणून ती बाबांना वाचायला दिली. ते परळच्या एका गिरणीत विणकर होते; तिथे मागाला साचा म्हणत.

चार दिवसांनी त्यांनी ती परत केली.

"यातली माणसं चालू साच्यांजवळ उभी राहून गप्पा मारतात," ते म्हणाले. "आम्हाला शेजारच्याचंही ऐकू यायचं नाही. आम्ही हातवाऱ्यांनी बोलायचो."

"म्हणजे आवडली नाही?"

"आवडली की. तेव्हा बोलायचं राहून गेलं, ते यात वाचायला मिळालं."

कादंबरीबद्दलचं माझं मत मी त्यानंतर कुणाला सांगितलं नाही; बाबांचंच सांगितलं.