धारेवर हातात आलेलं मंगळसूत्र

मंडळी, आज लोणारहून घरी आले, पण जीव थाऱ्यावर नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय.

सकाळी सासूबाईंना घेऊन धारेवर, म्हणजे तिथं गोमुखातून पाणी पडतं त्या कुंडावर गेले होते. सासूबाई अंघोळीला कुंडात उतरल्या आणि मी काठावर कपडे सांभाळत बसले. शेजारी उभ्या एका अनोळखी बाईनं रुमालाची पुरचुंडी माझ्या हातात दिली. "ताई, एवढं धरा. अंघोळ करू द्या मले."

सासूबाई साडी बदलून आल्या तरी ती बाई दिसेना. पुरचुंडी उघडली, तर आत मंगळसूत्र. बाई पाण्यात तर गेली नसेल? कुंडाभोवती, देवळांत, सगळीकडे शोधलं. शेवटी बसस्टँडवर मेहकरच्या गाडीत खिडकीशी बसलेली सापडली.

"अहो, हे राहिलं तुमचं."

तिनं हात पुढे केला नाही. "राह्यलं नाही ताई, ठेवलं. मालक घर सोडून गेले, त्याले लय वर्षं झाली. आज कुंडात सोडाले आणलं होतं, पण माह्या हातानं सुटलंच नाही. तुमीच सोडा."

मी काही बोलायच्या आत गाडी निघाली.

सासूबाई म्हणाल्या, "चल, तिच्या नावानं सोडून येऊ." पण तिचं नावच आम्हाला माहीत नव्हतं. आणि उद्या तिचं मन बदललं तर? मी ते घरी घेऊन आले.

तेव्हापासून सारखी पर्स उघडून बघतेय. तुम्ही असता तर सोडलं असतं का?