घोड्याच्या बाजूने उभे राहणारे अण्णा

रघुनाथराव बोडके, म्हणजे आम्हा सर्वांचे अण्णा, यांची आणि माझी पहिली भेट सिन्नरजवळच्या एका गोठ्यात झाली. तेव्हा पशुवैद्यक म्हणून माझी कारकीर्द नुकती सुरू झाली होती. वरातीसाठी आणलेल्या एका घोडीने मालकांना लाथ घातली होती. ती विकायची ठरली होती, पण गाडीत चढायला तयार नव्हती, म्हणून मला बोलावले होते.

"डॉक्टरीणबाई, सुई मारा आन घालू गाडीत. लय खुनशी हाय ही," मालक म्हणाले.

मी औषध भरत असतानाच अण्णा आले. घोड्यांचे जाणकार म्हणून नाशिकहून मालकांच्या भावाने त्यांना आणले होते. त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, "डॉक्टर, थोडा वेळ द्याल का मला?"

ते घोडीजवळ गेलेच नाहीत. गोठ्याच्या कडेला उभे राहून नुसते तिचे कान पाहत राहिले. उजवीकडून माणूस गेला की ती कान वळवून बघे. डावीकडून कोणी गेले की अंग चोरून मागचा पाय उचले. मग मला बाजूला घेऊन अण्णा हळूच म्हणाले, "डावा डोळा एकदा बघता का?"

मी पाहिला. त्या डोळ्याला दिसतच नव्हते. लगाम धरणारा, खोगीर घालणारा, नवरदेवाला वर चढवणारा, सगळे डावीकडूनच येत होते. प्रत्येक वेळी अंधारातून कोणीतरी अंगावर आल्यासारखे तिला होत असणार. हे आधीच पाहणे माझे काम होते आणि मी ते केले नव्हते. पण मालकांकडे वळून अण्णा म्हणाले, "डॉक्टरबाईंना डोळ्यात दोष सापडलाय. घोडी खुनशी नाही, घाबरलेली आहे."

त्या एका वाक्याने त्यांनी घोडीची अब्रू वाचवली आणि माझीही. मालकांना त्यांनी आधी हाक मारायला आणि मग उजवीकडून जवळ जायला शिकवले. वरातीच्या गोंगाटात तिला नेऊ नका, असेही बजावले. घोडी त्याच घरी राहिली.

त्यानंतर मी मखमलाबादच्या बाजूला असलेल्या त्यांच्या तबेल्यात जाऊ लागले. कान मागे पडले म्हणजे काय, मान खाली सोडून घोडा नुसतेच तोंड हलवत चघळल्यासारखे करू लागला की त्याच्या मनात काय चालले असावे, हे मी तिथे शिकले. अण्णांचा एकच आग्रह असे: घोडा ऐकत नसेल तर आधी त्याला काय दिसते, काय दुखते, कशाची भीती वाटते ते शोधा. 'हट्टी' हा शब्द त्यांच्या तबेल्यात चालत नसे.

एवढा धीर कुठून आला, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "तरुणपणी एक घोडा पुलावर पाय टाकत नव्हता. चार लोक बघत होते. मी चाबकाने झोडपला त्याला. पूल ओलांडला त्याने. पण पुढे मी दिसलो की भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. मरेपर्यंत." शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा ही गोष्ट सांगतात, दुसरे काही शिकवण्याआधी.

माझ्यावरही एकदा वेळ आली. त्र्यंबकेश्वरला एका जखमी घोड्याला टाके घालताना त्याची लाथ मांडीवर बसून हाड मोडले. हाड जुळले, भीती जाईना. घोड्याचे नाव निघाले की मी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवू लागले. ही गोष्ट अण्णांच्या कानावर गेली. त्यांचा फोन आला, "उद्या सकाळी या. औषधांची पेटी आणू नका."

त्यांनी माझ्या हातात घोड्याचे अंग घासायचा खरारा दिला आणि एका म्हाताऱ्या घोड्यापाशी उभे केले. मी ओशाळून म्हणाले, "अण्णा, मला भीती वाटते."

"मलाही वाटते," ते म्हणाले. "ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी मी बेसावध होईन. भीती लपवू नका, फक्त श्वास सोडा. तुम्ही श्वास कोंडलात की त्याला वाटतं, जवळपास वाघ आहे."

मी श्वास सोडला. घोड्यानेही फुरफुरून मान खाली घातली. त्या दिवशी फक्त एक खांदा घासून झाला आणि अण्णांनी मला थांबवले. असे तीन आठवडे चालले. चौथ्या आठवड्यात मी पुन्हा पेटी घेऊन कामाला लागले. आज मी घोड्यांवर उपचार करते ते त्या सकाळींमुळे.

अण्णा आता पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यानिमित्त आज होणाऱ्या या सत्काराला त्यांनी कसाबसा होकार दिला, तोही बँड आणि फटाके नसतील या अटीवर. गुडघा कुरकुरतो, म्हणून ते खुर्ची टाकून बसतात. पण समोरच्या घोड्याचा पाय किंचित आखडला तरी आमच्याआधी त्यांना कळते.

अण्णा, तुमच्या गुडघ्यांना बळ मिळो, नजर अशीच शाबूत राहो, आणि रोज सकाळी तबेल्याचे दार उघडताना तुमचे स्वागत घोड्यांच्या खिंकाळण्याने होवो, पुढची पुष्कळ वर्षे. आमच्या हातून अजून खूप चुका व्हायच्या आहेत. त्या हळूच, बाजूला घेऊन सांगायला तुम्ही आम्हाला हवे आहात.