वैदेहीबाईंचा कंप्युटर मुका झाला तेव्हा

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं, त्या दिवशी ऑफिसात पाय ठेवायच्या आधीच वैदेही पेडगावकरला कळलं, की आत काहीतरी बिनसलंय. रोज या वेळेला परमेश्वर शिपायाच्या कपबशांचा किणकिणाट आणि कीबोर्डची टकटक सोडली तर आत दुसरा आवाज नसायचा. आज माणसं ओरडत होती.

"आरं, ह्ये पडद्याच्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटन मधी कुणी नेऊन ठिवलं?" हेडक्लार्क गोविंदराव तावातावानं विचारत होते.

"भाऊसाहेब, तुमचं निस्तं बटन हललंय," त्यांच्या समोरच्या टेबलावरची सविता म्हणाली. "माझं तर कॉपी-पेस्टच गायब हाय. राइट क्लिक केलं की अक्षरं न्हाईत, नुसती चित्रं दिसायलेत. कात्री काय, कागद काय! आन् मराठी टाइप करायला जावं तर एबीसीडीच उमटायलीय."

झालं होतं ते असं. कंप्युटरच्या जुन्या सिस्टीमची मुदत संपली होती. कंपनी आता तिची राखण करणार नव्हती. म्हणून कॉलेजनं सुट्टीतच नांदेडच्या एका ठेकेदाराकरवी सगळ्या मशीनवर नवी सिस्टीम चढवून घेतली होती. तशी सूचना फलकावर लावलेली होती. सवितानं ती वाचली होती आणि विसरून गेली होती. वैदेहीनं ती वाचली नव्हती, कारण वैदेहीला दिसत नव्हतं.

लहानपणापासून तिची नजर उतरत गेली. दहावीच्या सुमाराला फळा गेला, बारावीला पुस्तक गेलं, आणि बीए होईपर्यंत दिवस आणि रात्र एवढाच फरक कळायचा उरला. आता तोही नव्हता. गंगाखेडच्या या कॉलेजात ती अपंगांच्या राखीव जागेवर लागली होती. पत्रव्यवहार तिच्याकडे होता. विद्यापीठाला जाणारं, शिक्षण खात्याला जाणारं, पालकांना जाणारं एकूणएक पत्र ती टाइप करायची. कंप्युटरमधलं एक सॉफ्टवेअर पडद्यावरची ओळ न् ओळ तिच्या कानात वाचून दाखवायचं. तिच्या कानाला इअरफोन असायचा, त्यामुळं ऑफिसात कुणी तो आवाज कधी ऐकलेला नव्हता. बाई टाइप करतात, पत्रं बिनचूक निघतात, इतकंच लोकांना माहीत होतं.

त्या सकाळी सगळ्यांचा गोंधळ ऐकून तिला आधी हसूच आलं. बटन हललं, रंग बदलला, चित्रं आली, तर मला काय त्याचं? आज एकट्या माझंच काम सुरळीत चालणार, असं मनात म्हणत ती टेबलाशी गेली, पर्स खुर्चीला अडकवली आणि मशीन चालू केलं.

पंखा फिरायला लागला. डब्यावर हात ठेवला तर नेहमीसारखी थरथर लागली. मग तिनं इअरफोन घातला आणि वाट पाहिली.

काहीच आलं नाही.

वायर निघाली असेल म्हणून तिनं चाचपून पाहिली. घट्ट होती. सॉफ्टवेअर सुरू करायची बटनं दाबली. पुन्हा दाबली. बंद करून परत चालू केलं. पंख्याचा सूं सूं आवाज तेवढा येत होता.

"सविता," तिनं हाक मारली, "माझा पडदा चालू हाय का?"

"हाय की. निळं फूल उमलल्यावानी चित्र आलंय. लय झकास दिसायलंय, ताई."

"माझं वाचणारं सॉफ्टवेअर दिसतंय का कुठं?"

सविता उठून आली. तिच्या बांगड्या बराच वेळ माऊसवर वाजत राहिल्या. मग ती हळूच म्हणाली, "ताई, न्हाई दिसायलं. समदं पुसूनच नवं टाकलंय वाटतं."

वैदेहीनं इअरफोन काढून टेबलावर ठेवला. दिसणाऱ्या माणसाला सांगून कळायचं नाही असं ते होतं. सवितासाठी कात्रीचं चित्र आलं होतं, गोविंदरावांचं बटन वीतभर सरकलं होतं. वैदेहीसमोर मात्र प्लास्टिकचा एक गरम डबा उरला होता, बस.

गोविंदराव जवळ आले. माणूस मायाळू. आवाज मऊ करून म्हणाले, "वैदेहीबाई, तुमी कशाला फिकीर करता? निवांत बसा. पत्रं सविता बघंल. ठेकेदाराचा माणूस कधीतरी येईलच. तवर सुट्टीच समजा."

बसा. हा शब्द वैदेहीच्या वर्मी लागला.

नोकरीला लागली तेव्हा पहिली तीन वर्षं ती बसूनच होती. हे सॉफ्टवेअर तेव्हा तिच्याकडे नव्हतं. आंधळ्या बाईला काय काम द्यायचं हे कुणाला कळेना, म्हणून खिडकीजवळ एक टेबल दिलं होतं. सकाळी कुणीतरी बोट धरून मस्टरवर सही करवून घ्यायचं आणि संध्याकाळी ती घरी जायची. मधल्या वेळात ती लोकांची पावलं ओळखायला शिकली, कारण दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. "बाईंचं नशीब बघा, बसून पगार," असं कुणी दारात बोललं की तिला खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटायचं. मग नांदेडच्या एका शिबिरात तिला हे सॉफ्टवेअर मिळालं. महिनाभर ती त्याच्याशी झगडली आणि एक दिवस सरळ प्राचार्यांपुढं जाऊन म्हणाली, मला पत्र सांगा. त्या दिवसापासून तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी वैदेही ताटावर बसली, पण भाकरीचे नुसते तुकडे करत राहिली. आईनं, पार्वतीबाईंनी, ताट पुढं सरकवलं. "काय झालंय गं? कोण काय बोललं का?"

"न्हाई. कंप्युटर बदललाय."

"मंग? नवाच आलाय ना? जुन्यापेक्षा बराच असंल की."

"आई, माझा आवाज गेलाय त्याच्यातला."

पार्वतीबाईंना अर्थबोध झाला नाही. त्या घाबरून म्हणाल्या, "नोकरी तर गेली न्हाई ना?"

वैदेहीनं ताट बाजूला सारलं. नोकरी गेली नव्हती. काम गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालता घालता तिला शिबिरातल्या मास्तरांचं एक बोलणं आठवलं. तुमचं सॉफ्टवेअर कधी दगा देईल तर घाबरू नका, मशीनच्या पोटात कंपनीनं आपला एक आवाज ठेवलेला असतो, तीन बटनं एकदम दाबली की तो उठतो. कोणती बटनं? कंट्रोल, कंट्रोल आणि आल्टच्या मधलं बटन, आणि एंटर. एवढ्या वर्षांत तिला त्याची कधी गरजच पडली नव्हती. वेणी अर्धीमुर्धी आवळून ती निघाली.

ऑफिसात सगळे आपापल्या नव्या पडद्याशी झुंजत होते. वैदेहीनं इअरफोन घातला, मशीन उठायला वेळ दिला आणि तिन्ही बटनं दाबली.

इअरफोनमध्ये काही आलं नाही. पण पडद्याच्या मागच्या स्पीकरमधून एक पुरुषी आवाज अख्ख्या ऑफिसात खणखणीत इंग्रजी बोलायला लागला. सविता केवढ्यांदा किंचाळली! गोविंदरावांचा पेन खाली पडला. परमेश्वर व्हरांड्यातून धावत आत आला आणि इकडंतिकडं बघत म्हणाला, "कोण पाहुणं आलंय? सायबाला सांगू का?"

वैदेही मात्र खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती. काल मेलेला डबा बोलत होता! तिची बोटं बाणाच्या बटनांवर पळायला लागली. एकेक नाव ऐकत ती या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये शिरली. सवयीप्रमाणं तिनं वेग वाढवला, तशी त्या आवाजाची नुसती करकर व्हायला लागली.

"ताई," सविता अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "तुमी रोज हे असलं ऐकता? ह्यातलं कळतं तुमाला?"

"ह्याच्यापेक्षा लय जोरात ऐकते मी."

"आमाला वाटायचं तुमी गाणी ऐकता," परमेश्वर म्हणाला.

आता धक्का बसायची पाळी वैदेहीची होती. इतकी वर्षं एका खोलीत काढून यांना आपण गाणी ऐकतो असं वाटत होतं! पण तिला रागवायलाही सवड नव्हती, कारण तेवढ्यात तिनं आपलंच एक जुनं पत्र उघडलं आणि तो आवाज गप्प झाला. तिनं पुढची ओळ घेतली. गप्प. त्याला मराठी येतच नव्हतं. पत्रातली तारीख आणि विद्यापीठाचा ईमेल तेवढा तो बोलला, बाकी सगळं पत्र गिळून टाकलं.

ती उठली. कुणाचं बोट न धरता व्हरांड्यातून प्राचार्यांच्या खोलीत गेली आणि काय झालं ते सांगितलं. गोविंदराव काळजीनं मागोमाग आले.

प्राचार्य समजूतदारपणे म्हणाले, "बाई, होईल सगळं. आणि तुमच्या पगाराला कुठं धक्का लागतोय?"

"सर, तुमी मला कामावरून काढलंय," वैदेही म्हणाली. "सुट्टीत काढलं, आन् काढलंय ते तुमाला मालूमबी न्हाई. पगार देऊन बसवून ठेवलं तरी काढलंच की."

प्राचार्यांची खुर्ची करकरली. त्यांनी स्वतः नांदेडच्या ठेकेदाराला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. ज्या इंजिनिअर मुलीनं हे काम केलं होतं तिलाच फोनवर बोलावलं. नाव श्रीनिधी.

"हो सर, त्या मशीनवर एक अनोळखी प्रोग्राम होता," ती म्हणाली. "दाबलेलं प्रत्येक बटन तो टिपत होता. मला वाटलं कुणीतरी पाळत ठेवायला टाकलाय, म्हणून तो परत घातला नाही. उलट मी रिपोर्टमध्ये लिहिलंय तसं."

"तो प्रोग्राम म्हणजे माझे डोळे हायेत," वैदेही म्हणाली. "मी आंधळी हाय. मी दाबलेलं बटन तो मलाच वाचून दाखवतो."

श्रीनिधी म्हणाली, "मला कुणीच सांगितलं नाही हो मॅडम." आणि थोडं थांबून, "मी उद्याच येते."

ती सकाळच्या रेल्वेनं आली. वैदेहीला वाटलं होतं कुणी तुसडी, घाईतली मुलगी असेल. पण तिनं आधी खुर्ची ओढून शेजारी बसकण मारली आणि म्हणाली, "मॅडम, मी हे कधी बघितलेलंच नाही. तुम्ही सांगा, मी करते." पुसलेलं सॉफ्टवेअर तिनं नेटवरून पुन्हा उतरवून घेतलं, डब्याला लावलेला इअरफोनही चालू झाला, मराठी टाइपिंग आलं. सविताचंही आलं.

मग ती मोठ्या उत्साहानं म्हणाली, "आता तुम्हाला एक गंमत ऐकवते. नव्या सिस्टीमवर मराठीचा एकदम खरा आवाज मिळतो. माणसासारखा."

इअरफोनमध्ये एक बाई बोलायला लागली. मधाळ, शांत, श्वास घेत बोलणारी. वैदेही दचकून मागं सरली. आपल्या पत्रातला मजकूर कुणी परकी बाई कानाशी येऊन वाचते आहे, असं तिला झालं. तिनं वेग वाढवून पाहिला, तर त्या बाईचे शब्द एकमेकांत चिकटायला लागले.

"सुंदर हाय," ती म्हणाली. "पण मला माझा पहिलाच द्या. डब्यात खडे हलवल्यावानी बोलतो तो. पण पळतो."

श्रीनिधी हसली आणि तिनं तो दिला. वैदेहीनं दुपारपर्यंत साचलेली पत्रं हातावेगळी केली. संध्याकाळी प्राचार्यांसाठी एक जास्तीचं टाइप केलं, की यापुढं कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी ते वापरणाऱ्या माणसाला तोंडी विचारावं. प्राचार्यांनी वाचून मुकाट सही केली.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. सविता बँकेत गेली होती, परमेश्वर टपाल घेऊन बाहेर होता. गोविंदराव वैदेहीच्या टेबलाशी आले आणि उगंच उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "ते तुमी बटनं दाबून आवाज उठवला होता ना, ती बटनं कोणती?"

"का हो, भाऊसाहेब?"

"असंच."

गोविंदरावांनी खुर्ची ओढली. "शुगरनं डोळ्याचे पडदे खराब केलेत," ते अगदी हळू म्हणाले. "मोठी अक्षरं दिसतात कशीबशी. बटन कोपऱ्यात होतं तवर अंदाजानं जमत हुतं. आता मधी गेलंय तर घावतच न्हाई. फायली घरी नेतो, सूनबाई वाचून दाखवती."

पावलावरून माणूस ओळखणारी ती, रोज दहा फुटांवर बसणाऱ्या माणसाची नजर चालली आहे हे तिला कधी कळलं नव्हतं. त्या सकाळचं त्यांचं ओरडणं तिला आठवलं.

ती उठून त्यांच्या मशीनशी गेली. त्यांचा हात धरून एकेक बोट जागेवर ठेवलं. "ह्ये कंट्रोल. ह्याच्या शेजारचं. आन् ह्या हातानं एंटर." आवाज उठला तसे गोविंदराव दचकले. तिनं तो बारीक केला.

"ह्यो निस्तं इंग्रजी वाचतो," ती म्हणाली. "मराठीचा लागंल तुमाला. श्रीनिधीला फोन लावू?"

"कुणासाठी ते सांगू नका."

"सांगावंच लागंल, भाऊसाहेब."

बाहेर मुलांचा तास सुटला, व्हरांड्यातून पावलांचा लोंढा गेला आणि पुन्हा शांत झालं.

"लावा," गोविंदराव म्हणाले.