टॉवेल टाकायचं बटण

रोहिणी गेल्याचं तिच्या वहिनीनं सकाळी फोनवर सांगितलं. महाळुंग्याला जाऊन, सगळं आटोपून रावेतला घरी परतले, तेव्हा आमच्या बॉक्सिंग गेमच्या ग्रुपवरही कळवायला हवं हे लक्षात आलं आणि मी इंग्रजीत चार ओळी टाकल्या. संध्याकाळपर्यंत कुठकुठल्या देशांतून उत्तरं आली. त्यातल्या बहुतेकांना तिचं खरं नाव माहीतच नव्हतं. गेममध्ये ती नावाच्या जागी गावाचं नाव लावायची, त्यामुळे जो तो लिहीत होता, ‘महाळुंगे, तुझी फार आठवण येईल.’ कंपन्यांच्या शेडमध्ये हरवलेलं ते गाव, चाकणला माल नेणाऱ्या ड्रायव्हरांखेरीज बाहेर कुणी त्याचं नाव घेत नसेल, आणि परकी माणसं त्याच्यासाठी हळहळत होती. यावर रोहिणी काय म्हणाली असती ते मला नक्की ठाऊक आहे. “ग्रामपंचायतीत नेऊन दाखव,” म्हणाली असती.

आमची ओळख आकुर्डीच्या कॉलेजातली. माझे वडील लातूरकडून कंपनीत नोकरीला आलेले, ती महाळुंग्याच्या जुन्या शेतकरी घरातली. बॉक्सिंगच्या सरावाला मुली अशा आम्ही दोघीच, त्यामुळे रोज एकमेकींना ठोसे मारत मैत्री झाली. रोहिणी माझ्यापेक्षा कितीतरी सरस होती. विद्यापीठाच्या फायनलला तिचे वडील, आण्णा, पहिल्यांदाच मॅच बघायला आले. दुसऱ्या फेरीत तिची भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं, तरी ती मागे हटेना. तेवढ्यात प्रेक्षकांतून आण्णा उठले, कुणाचा तरी टॉवेल उचलून त्यांनी रिंगमध्ये भिरकावला आणि स्वतःही दोरांवरून आत चढले. एकच गोंधळ झाला. टॉवेल पडला म्हणजे हार कबूल, त्यामुळे पंचांनी मॅच थांबवून समोरच्या मुलीला विजयी ठरवलं. रोहिणीनं त्यानंतर ग्लोव्ह्ज घातले नाहीत. घरात आण्णांशी कामापुरतं बोलायची. आण्णांचा विषय निघाला की मला म्हणायची, “माझी फायनल खाल्ली गं त्यांनी.” ते कितीतरी वर्षं तसंच राहिलं...

पुढे ती चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर झाली. लग्न केलं नाही. आई गेल्यावर माडीवरच्या खोलीत तिनं मोठा टीव्ही आणि गेम आणला, आणि रविवारी मी तिच्याकडे जाऊ लागले. ठोसे मारायची आमची हौस आता बोटांवर आली होती. आण्णा दाराशी खुर्ची टाकून बसायचे. गेममधले बॉक्सर मार खाऊन आडवे व्हायचे आणि लगेच टुणकन उठून पहिल्या फेरीसारखे नाचायला लागायचे. एका रविवारी रोहिणीच्या बॉक्सरला मी कोपऱ्यात घेऊन बदडत होते. आण्णा अस्वस्थ होऊन पुढे सरकले.

“पोरी, ह्यात टावेल टाकायचं बटण कुठंय?”

“न्हाई तसलं बटण, आण्णा,” रोहिणी म्हणाली.

“मंग ह्याला खेळ कशापायी म्हणायचं? ही नुसती मारामारी हाय.”

रोहिणीनं हातातला कंट्रोलर खाली ठेवला. टीव्हीकडेच बघत, अगदी हळू आवाजात ती म्हणाली, “मी जितले असते त्या दिवशी.”

“जितली असतीस,” आण्णा म्हणाले.

“मंग?”

“मला बघवंना झालं.”

मग ती उठून खाली गेली आणि तिघांसाठी चहा घेऊन आली. आण्णांच्या हातात कप देताना ती त्यांच्या शेजारीच जमिनीवर बसली, एवढंच.

त्याच आठवड्यात तिनं गेम बनवणाऱ्या कंपनीला पहिलं पत्र धाडलं. दमलेल्या बॉक्सरचे हात खाली आले पाहिजेत, फुटलेल्या डोळ्याच्या बाजूचं त्याला कमी दिसलं पाहिजे, आणि मुख्य म्हणजे त्याच्या कोपऱ्यातल्या कोचला टॉवेल टाकून मॅच थांबवता आली पाहिजे. उत्तर आलं नाही. मग ती जगभरच्या खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर जाऊन भांडू लागली. ड्युटीवरून येताना कंपनीच्या बसमध्ये बसून उत्तरं टंकायची. तिची टिंगल व्हायची. एकानं लिहिलं, ‘आम्ही काय हरायला गेम विकत घेतो?’ तिनं लिहिलं, ‘हरायला नाही. धड घरी जायला.’ ते वाक्य लोकांनी उचललं. तिकडचे काही निवृत्त बॉक्सर, त्यांच्या बायका, पोरं तिच्या बाजूनं लिहायला लागली. माडीवरच्या खोलीत आम्ही दोघी खऱ्याखुऱ्या दमेपर्यंत दोरीवरच्या उड्या मारायचो आणि दमलेला माणूस कसा उभा राहतो, कसा पडतो, ते मोबाइलवर टिपून पाठवायचो. आण्णा मोबाइल धरायचे. अर्ध्या व्हिडिओंत त्यांचा अंगठा आहे.

शेवटी कंपनीच्या माणसांनी तिला व्हिडिओ कॉलवर बोलावलं, आणि काही महिन्यांनी नव्या अपडेटमध्ये ते बटण आलं. बॉक्सरचे हातही आता खाली यायला लागले होते. डोळ्याचं मात्र त्यांनी काही केलं नाही, त्यावर तिची कुरकुर चालूच होती. आण्णांनी ते बटण दाबून पाहिलं. पडद्यावर पांढरा टॉवेल पडला, घंटा झाली. आण्णा म्हणाले, “हां. आता झाला खेळ.”

ती आजारी असल्याचं कळलं तोवर स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरला होता. केमो झाली, पुन्हा झाली. अंगावर काही उरलं नाही. आण्णा डॉक्टरांच्या मागे लागायचे, अजून काय असेल ते करा, जमीन विकतो. एके दुपारी मी हॉस्पिटलात होते तेव्हा तिनं त्यांना जवळ बोलावलं. “आण्णा, आता थांबवा,” म्हणाली. एकेकाळी दोर ओलांडून धावलेला तो माणूस पलंगाची दांडी धरून नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं आणि तिला महाळुंग्याला घरी आणलं. माडीवरच्या खोलीतच तिचा प्राण गेला, उशाशी आण्णा होते.

गेल्या रविवारी मी तिथं गेले होते. ग्रुपवरची मंडळी गेममध्ये तिच्या नावाचा बॉक्सर तयार करतायत. ती उभी कशी राहायची, हे त्यांनी मला विचारलं होतं. फोटो मिळाला तर पाहावा म्हणून गेले, पण मॅचचा एकही फोटो घरात नव्हता. मग मीच खोलीच्या मधोमध तिच्यासारखी उभी राहिले. रोहिणी डावखुरी, म्हणून उजवा पाय पुढे. इतकी वर्षं रोज समोरून पाहिलेलं, मला वाटलं होतं मला ते पाठ आहे.

“आसं न्हाई,” आण्णा खुर्चीतून म्हणाले. “डावी टाच उचल. आजून जरा. आन् हनवटी खांद्यामागं... हां.”

त्यांनी तिची ती एकच मॅच पाहिली होती.

मी तशीच उभी राहिले. खालून कंटेनर जात होते, खिडकीची तावदानं थरथरत होती. आण्णा माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्याकडे नव्हेच खरं तर... माझी पोटरी भरून आली, खांदे दुखायला लागले. मी हात खाली घेतले नाहीत.