सील मी तोडलं

मोटर जळाली की वास येतो. तारेवरचं वार्निश जळाल्याचा तो वास एकदा नाकात बसला की मोटरीचं पोतं दुकानात येतानाच कळतं, आत काय झालंय ते. घुग्घुसमध्ये मी पंचवीस वर्षं मोटर वाइंडिंग करते, जळालेल्या मोटरी नव्या तारेने पुन्हा बांधते. नवऱ्याला सिमेंट कारखान्यात नोकरी लागली, दुकानाला माणूस हवा होता, म्हणून सासऱ्यांनी मला शिकवलं. पंखे, पिठाच्या चक्क्या, विहिरीवरचे पंप. सुरुवातीला गिऱ्हाइकं विचारायची, "भाभी, मिस्त्री कुठी गेला?" मी म्हणायचे, "मीच मिस्त्री. ठेव खाली."

त्या मोटरला वास नव्हता.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ती एक बाई घेऊन आली. माझ्याच वयाची, जिवतीच्या पहाडावरच्या एका टोल्यातली, म्हणजे छोट्या वस्तीतली. तिची मुलगी आमच्या मागच्या गल्लीत राहते, जावई कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. खताच्या पोत्यात बांधलेली मोटर मांडीवर घेऊन ती दोन एसट्या बदलून आली होती. कंडक्टरने सामानाचं तिकीट मागितलं नाही का, मी विचारलं.

"मागतलं. म्हटलं, लेकरू हाय. पाच वर्साच्या आतलं."

टोल्यात तीस-पस्तीस घरं. पूर्वी एक हातपंप होता. तो काढून त्याच बोअरमध्ये सौर पंप बसवला, वर प्लेटा, शेजारी निळी टाकी. दोन वर्षं पाणी छान आलं. होळीच्या आधी पंप बंद पडला. टाकीवर लिहिलेल्या नंबरवर फोन केले, तेव्हा मोबाइलवर मेसेज आला की तक्रार नोंदवली आहे. असे सात मेसेज तिच्याकडे होते. टोल्यातले बाकीचे थांबू म्हणत होते. ही बचत गटाची अध्यक्ष, हिने थांबू दिलं नाही. पुरुषांना उठवून, पाइपासकट मोटर बोअरमधून ओढून काढायला लावली.

"बायका नाल्यात झिरा खोदून वाटीवाटीनं पानी भरून राह्यल्या, आन् हे म्हणतेत थांबू," ती म्हणाली. "मेली का झोपली, तेवढं सांग."

"आधी चहा पी, बाई."

"चहा मंग. मले आजच वापस जा लागते."

मोटरच्या तीन वायरींना मी सिरीजचा बल्ब लावून पाहिला. तिन्हींवर सारखा पेटला, म्हणजे आतली तार शाबूत. बॉडीला लावला, पेटला नाही, म्हणजे शॉर्टही नाही. तिथेच थांबायला हवं होतं. मोटर ठीक आहे, दोष वरच्या डब्यात असेल, प्लेटांची वीज मोटरला देणाऱ्या कंट्रोलरमध्ये, आणि तो मला येत नाही, एवढं सांगून तिला परत पाठवायचं. पण मला येत नाही, असं मी त्या दुकानात कोणाला कधी म्हटलं नव्हतं. शिवाय एवढ्या लांबून आलेल्या बाईला हातही न लावता परत पाठवणं मला जमेना.

सांध्याच्या स्क्रूंवर लाल रंगाचं घट्ट सील होतं. आमच्या धंद्यात सील म्हणजे मळ. स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं आणि उडवायचं.

"हे लाल काय हाय?" तिने विचारलं.

"काही नाई. कंपनीचा टिळा."

आत तांब्याची तार नव्यासारखी होती. रोटरमध्ये लोहचुंबक बसवलेले. टेबलावरचे माझे स्क्रू त्याने आपल्याकडे ओढून घेतले. दोष काही नव्हता. मी सगळं पुसून बंद केलं.

"मोटर चांगली हाय. दोष वरच्या डब्यात हाय."

"मंग डबा पाहून दे."

"तो मले नाई समजत."

तिने चहा घेतला आणि मोटर पोत्यात बांधून गेली.

नवव्या दिवशी कंपनीचा माणूस टोल्यावर पोचला. त्याच्या बॅगेत नवा कंट्रोलर होता. तो बदलला असता तर दहा मिनिटांत पंप सुरू झाला असता. पण बदलण्याआधी मोटर पाहायचा त्यांचा नियम. सील तुटलेलं दिसलं. त्याने मोबाइलवर फोटो काढला, मोटर बाहेरच्या माणसाने उघडली, आता पूर्ण सेटची गॅरंटी संपली, असं सांगितलं आणि कंट्रोलर बॅगेत घालून परत गेला. गॅरंटी पाच वर्षांची होती.

ती पुन्हा आली, तेच पोतं घेऊन. आरडाओरडा केला नाही.

"तो म्हणते, कोनं खोलली? म्या म्हटलं, घुग्घुसच्या बाईनं. म्हणते, मंग त्याच बाईले सांगा चालू करून द्याले."

मी कंपनीला फोन लावला. बऱ्याच प्रयत्नांनी लागला. सील मी तोडलं, गावाने नाही, असं स्पष्ट सांगितलं. पलीकडची मुलगी नम्र होती.

"मॅडम, आपण अधिकृत आहात का?"

"पंचवीस वर्षं मोटरी बांधते."

"तसं नाही मॅडम. आमच्याकडे आपली नोंद आहे का?"

नव्हती. त्या कंपनीचा कंट्रोलर बाजारात मिळत नव्हता. नागपूरहून दुसऱ्या बनावटीचा मागवला आणि मे महिन्यात तिच्याबरोबर पहाडावर गेले. जाताना टोल्याच्या अलीकडे विजेचे खांब दिसले, तार नसलेले. इथे सोलर आहे म्हणून लाइनचं काम थांबलं, असं ती म्हणाली. लाइन असती तर मी साधी मोटर बसवून अर्ध्या दिवसात पाणी काढलं असतं, आणि ती जळाली तर पुन्हा बांधली असती. आमच्याकडच्या कोळशाची वीज कुठे कुठे जाते, त्या पहाडावर गेली नाही.

प्लेटा उन्हात चकचकीत होत्या. त्यांच्या सावलीत शेळ्या बांधलेल्या. एका प्लेटेला जावयाच्या ट्रकमधला जुना चार्जर जोडून मोबाइल चार्ज करायचं मात्र चालू होतं. त्याच मोबाइलवरून ते कंपनीला फोन लावत.

मोटर बोअरमध्ये सोडायच्या आधी वरच जोडून पाहिली. शाफ्टने एक झटका दिला आणि थांबला. डब्यावर लाल दिवा. पुन्हा जोडली, तेच. वायरी अदलून बदलून सहा वेळा पाहिलं. दुसऱ्या बनावटीचा डबा त्या मोटरला चालत नव्हता. जमलेली माणसं एकेक करून उठली.

उरलेल्यांना मी सांगितलं, "सील मी तोडलं. हिचा दोष नाई."

एक म्हातारा म्हणाला, "तू नाई नेली ना मोटर. हिनं नेली. आमी थांबू म्हणत होतो."

तिने मला चहा दिला. पाणी कुठून आणलं, ते मी विचारलं नाही. निघताना मोटरीचं पोतं तिने माझ्या हातात दिलं.

"तुयाकडंच राहू दे. इथी ठेवून काय करू."

पुढच्या बैठकीत गटाची अध्यक्ष दुसरी झाली. हे मला तिच्या मुलीकडून कळलं.

त्यानंतर मी सगळीकडे चौकशी केली. पंचायत समितीत मला सांगितलं, सेटची नोंद चालू अशी आहे, बंद दाखवायला कंपनीचा अहवाल लागेल. कंपनी म्हणाली, गॅरंटी संपली, सेट आता आमच्याकडे नाही. मी अर्जांचे कागद फाइलला लावून ठेवले.

आता गावात ई-रिक्षा वाढल्या आहेत, त्यांच्या मोटरीही तसल्याच डब्यावर चालतात. नवे पंखेही सर्किटवाले येतात. लाल सील दिसलं की मी वस्तू परत सरकवते आणि कंपनीला फोन करा म्हणते.

"भाभी, फोन लागत नाई."

"लावत राहा."

लागत नाही, हे मला माहीत आहे. लागला तरी काय होतं, तेही माहीत आहे. पूर्वी मी असं म्हणणाऱ्या दुकानदारांना कामचोर म्हणायचे.

मागच्या महिन्यात ती मुलीकडे आली होती. दुकानासमोर थांबली, पायरी चढली नाही.

"हाय का अजून?"

मी टेबलाखाली बोट दाखवलं. पोत्यावर लोखंडाचा कीस चिकटलेला असतो, तो मी आठवड्याने झाडते.

"पानी कसं हाय?" मी विचारलं.

"यंदा झिरा लवकर आटला. आता दुसऱ्या नाल्यावर जातो. दूर हाय."

जावयाचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देत होता. ती गेली. मी पंख्याची तार गुंडाळायला घेतली.