चूल एक, कार्ड एक

आमच्या घरात वाचण्यासारखी एकच वस्तू होती, रेशनकार्ड, आणि ते वाचता येणारा घरातला पहिला मी. पदवी मिळाल्यापासून आळीचे अर्ज मीच भरतो, सल्ल्यासकट.

शेजारची ताई नवलाख उंबरे गावाजवळच्या कंपनीत कामाला जाते. कुणी काही सांगितलं की ‘व्हय’ म्हणते आणि करते आपलंच. मैत्रिणीसोबत राहते, म्हणून मैत्रिणीच्या भावांनी मैत्रिणीचं नाव आपल्या घरच्या कार्डातून काढलं. समलिंगी विवाह हा मूलभूत हक्क नाही, हा कोर्टाचा निकाल मी ताईला अर्धा तास समजावला. ती भाकरी थापत होती.

“व्हय. लग्नाचं ऱ्हाऊ द्या, भाऊ. चूल एक हाय, कार्ड एक व्हईल का?”

“नाही,” मी ठासून सांगितलं.

तिनं पिठाच्या हातानं सरकारी पत्र पुढं केलं. अशा जोडीदारांना रेशनसाठी एकाच घरातलं धरावं, असं त्यात होतं. मी ते वाचलंच नव्हतं.

या वेळी अर्ज मी सल्ल्याशिवाय भरला. आता कार्डावर दोघींची नावं आहेत.